मारीचाला सगळं माहीत होतं

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या महाल भागात राहणारा माणूस घरात बसूच शकत नाही. सकाळपासून ढोल-ताशांनी खिडक्या थरथरतात आणि बघता बघता गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही. काळी मारबत निघते, पिवळी मारबत निघते, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, त्यांच्यासोबत त्या त्या वर्षीच्या रागाचे बडगे, तेही पुतळेच: कधी महागाईचा, कधी भ्रष्टाचाराचा, कधी एखाद्या साथीचा. "ईडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" ही आरोळी ऐकतच आम्ही मोठे झालो. पिवळीची परंपरा १८८५ पासूनची सांगतात. काळीचा संबंध इंग्रजांना मिळाल्या म्हणून लोकांच्या रोषाला पात्र झालेल्या बांकाबाई भोसल्यांशी जोडतात. माझी आजी मात्र तिसरीच गोष्ट सांगायची आणि इथले पुष्कळ लोक तीच सांगतात: मारबत म्हणजे पूतना. कृष्णाला विष पाजायला आलेली, मेल्यावर गावाबाहेर नेऊन जाळलेली. आणि जिला जाळायचं आहे तिच्याच पाया पडणारे लोक मी दरवर्षी पाहते.

यंदा आमच्या गुरुवारच्या वाचनात भागवताचा दशमस्कंध चालू आहे. पूतनेचा सहावा अध्याय नेमका पोळ्याच्या आठवड्यात आला. आम्ही दहा-बारा जणी असतो, पाळीपाळीनं वाचतो, मध्येच कुणाला काही विचारायचं असेल तर पोथी थांबते. पूतना पडते तेव्हा आसपासची झाडं मोडतात. व्रजातले गोप कुऱ्हाडीनं तिचं धूड तोडतात, दूर नेऊन लाकडं रचून पेटवतात, आणि त्या धुरातून अगुरूचा सुगंध येतो. पुढे भागवत सरळ सांगतं की लेकरांचा जीव घेणारी, रक्त पिणारी ही राक्षसी, मारायच्या इच्छेनं का होईना, तिनं हरीला स्तन दिला म्हणून तिला सद्गती मिळाली, आईला मिळावी तशी.

इथे शेजारच्या काकूंनी हात वर केला. "काऊन वं, पोराले माराले आली, अन् तिले आईची जागा भेटली? हा कुठला न्याय?"

कुणी म्हणालं देवाची लीला, कुणी म्हणालं स्पर्शाचा महिमा. काकूंचं समाधान झालं नाही आणि ते न होणं मला योग्यच वाटलं. त्यांचा प्रश्न न्यायाचा होता, त्याला न्यायाच्याच भाषेत उत्तर द्यायला हवं. त्या दिवसापासून ग्रंथांतल्या दुष्टांबद्दल मी जे मनात घोळवते आहे ते इथे लिहिते.

मी नागपूरच्या जिल्हा न्यायालयात स्टेनो होते. साक्षी, उलटतपासण्या, निकालपत्रं, सगळं या बोटांखालून गेलं. फौजदारी खटल्यात एक टप्पा असतो, तो बाहेरच्या लोकांना फारसा माहीत नसतो. सरकारी पक्षाचे साक्षीदार संपले की न्यायाधीश स्वतः आरोपीला विचारतात: तुमच्याविरुद्ध असा असा पुरावा आला आहे, त्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? आमच्या वेळी हे कलम ३१३ होतं, आता नव्या संहितेत ३५१ आहे. त्या वेळी आरोपीला शपथ देत नाहीत. त्याला बोलायचं असेल तर त्यानं मोकळेपणी बोलावं, एवढाच हेतू. बहुतेक जण "खोटं आहे" इतकंच म्हणतात. पण साक्षीपुराव्यात एक वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलं आहे की बोटांना ते पाठ झालं: "मी त्याला समजावून सांगितले होते." कधी आई हे सांगते, कधी मेहुणा, कधी पानठेल्यावरचा मित्र. कुणीतरी सांगितलेलं असतंच.

रामायण, महाभारत, भागवत वाचताना मला सारखं जाणवतं की वाल्मीकींनी आणि व्यासांनी हा आरोपीचा जबाब फार मन लावून लिहून घेतला आहे. दुष्टांना त्यांनी भरपूर बोलू दिलं. आणि प्रत्येकाच्या आधी एक "समजावून सांगितले होते" ठेवलं. ग्रंथांतला मला माहीत असलेला एकही मोठा अपराधी अंधारात चाचपडत चुकलेला नाही. त्याला आधी सांगितलेलं होतं, आपल्यातल्याच कुणीतरी, स्पष्ट शब्दांत. माझ्या मते या पात्रांकडून शिकायचं ते या ठिकाणी, ऐकणं आणि तोंड फिरवणं यांच्या मधल्या त्या अर्ध्या क्षणात. लंका जळते तो भाग फार नंतरचा.

मारीच घ्या. आपल्याकडे तो म्हणजे सोन्याचं हरीण, एवढ्यावर संपतो. अरण्यकांड नीट वाचलं तर अंगावर काटा येतो. रावण त्याला भेटायला समुद्र ओलांडून जातो, तेव्हा मारीच आश्रमात राहतो आहे. जटा वाढवलेल्या, कृष्णाजिन पांघरलेलं, खाणं मोजकं. म्हणजे वाईट सोडलेला माणूस. का सोडलं, तेही तो स्वतः सांगतो. विश्वामित्राच्या यज्ञात विघ्न आणायला गेला तेव्हा कोवळ्या वयाच्या रामाच्या एका बाणानं तो शंभर योजनं लांब समुद्रात जाऊन पडला. तरी खोड गेली नाही. पुन्हा हरणाचं रूप घेऊन दोन साथीदारांसह दंडकारण्यात तापसांना मारायला गेला. रामाचे बाण सुटले, साथीदार दोघे मेले, हा कसाबसा वाचला आणि तेव्हापासून तप करू लागला. तो रावणाला म्हणतो, मला झाडाझाडात चीर आणि कृष्णाजिन घातलेला, धनुष्य घेतलेला राम दिसतो. 'र'नं सुरू होणारे शब्द ऐकले तरी माझा थरकाप होतो, रत्न म्हटलं तरी, रथ म्हटलं तरी.

आणि हाच मारीच रावणाला तो प्रसिद्ध श्लोक ऐकवतो:

सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः ।
अप्रियस्य च पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः ॥

गोड बोलणारे हवे तितके मिळतात, कडू पण हिताचं सांगणाराही दुर्मीळ आणि ते ऐकणाराही. पुढे युद्धकांडात बिभीषण रावणाला हाच श्लोक पुन्हा ऐकवतो. वाल्मीकींच्या प्रचलित प्रतींत तर रावण मारीचाकडे दोनदा जातो. पहिल्या वेळी मारीचाचं ऐकून तो मुकाट्यानं लंकेला परततो. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रावणानं एकदा ऐकलं होतं! त्याच्यात ऐकण्याची शक्ती होती. मग शूर्पणखा येते, भर सभेत त्याला नाही नाही ते बोलते, सीतेच्या रूपाचं वर्णन करते, आणि दुसऱ्या खेपेला तो ठरवूनच निघतो. या वेळी तो मारीचाला अर्धं राज्य देऊ करतो आणि नाही म्हणालास तर आत्ता इथेच मारीन म्हणतो.

मारीच हरीण होतो. दोन्हीकडे मरणच आहे, तर तुझ्या हातून मरण्यापेक्षा रामाच्या हातून बरं, असा त्याचा हिशेब. पुष्कळ कीर्तनकार इथे टाळ्या घेतात, मारीचाला मोक्षाची वाट सापडली म्हणून. मला तो भाग तितका सोपा वाटत नाही. बाण लागल्यावर त्याच्याजवळ शेवटचा श्वास होता, त्या श्वासात तो रामाचा आवाज काढून "हा सीते! हा लक्ष्मण!" असं ओरडला. तेवढ्यानं सीता एकटी पडली. ज्यानं सगळं ओळखलं होतं, वाईट सोडून जो तपाला बसला होता, ज्यानं रावणाला जगातलं सर्वांत खरं वाक्य सांगितलं, त्याच्याच तोंडून ही हाक गेली. भीतीपुढे त्याचं ज्ञान टिकलं नाही. साधना करणाऱ्या माणसानं रावणापेक्षा मारीचाला जास्त भ्यावं असं मला मनापासून वाटतं, कारण आपण बहुतेक जण रावण होण्याइतके मोठे नसतो. आपण कुणाच्या तरी दबावाखाली असतो आणि आपल्याला सगळं कळत असतं.

रावणाबद्दल एवढंच. उत्तरकांडात तो ब्रह्मदेवाकडे वर मागतो: गरुड, नाग, यक्ष, दैत्य, दानव, राक्षस, देव, यांच्याकडून मला मरण नको. माणसांचं नाव घेत नाही. वर म्हणतो, माणसं वगैरे प्राणी मला गवताच्या काडीसारखे, त्यांची चिंता नाही. गर्व काय असतो हे मला इथे कळलं. रावण कुणाला भितो याची यादी लांबलचक आहे, तो अजिबात बेफिकीर नाही. त्याच्या यादीत कोण नाही, तिथे त्याचा गर्व आहे. घरात, कचेरीत, देवळाच्या रांगेत आपण कुणाला मोजतच नाही, हे शोधायला मला या एका श्लोकानं लावलं.

आता धृतराष्ट्र. त्याला दुष्ट म्हणायला लोक कचरतात, बिचारा आंधळा बाप म्हणतात. उद्योगपर्वातला प्रजागर, म्हणजे जागरणाचा भाग, वाचा. संजय पांडवांकडून परत आलाय, निरोप उद्या सभेत सांगणार आहे, आणि धृतराष्ट्राला झोप येत नाही. तो विदुराला बोलावून घेतो. विदुर पहिल्याच बोलण्यात विचारतो: झोप उडते ती बलवानानं घेरलेल्या दुर्बळाची, सर्वस्व गेलेल्याची, कामी माणसाची आणि चोराची, यातलं तर तुम्हाला काही झालं नाही ना? दुसऱ्याच्या धनाचा लोभ तर नाही ना? किती नेमका प्रश्न, आणि तो भावानं भावाला विचारलेला. त्यानंतर रात्रभर विदुर सांगत राहतो, तीच विदुरनीती. धृतराष्ट्र एकदाही त्याला गप्प बस म्हणत नाही. उलट म्हणतो, अजून सांग, माझी तृप्ती होत नाही.

आणि शेवटी? शेवटी तो जे बोलतो ते मी वहीत लिहून ठेवलं आहे. तू म्हणतोस तसंच मलाही वाटतं, पांडवांविषयी माझी बुद्धी तशीच होते, पण दुर्योधन समोर आला की ती पुन्हा उलटते. लगेच पुढे: दैवच खरं, प्रयत्न व्यर्थ. सबंध रात्र जागून ऐकलेलं त्यानं एका शब्दावर टाकून दिलं. सत्संगाला नेमानं जाणाऱ्यांसाठी, म्हणजे आमच्यासारख्यांसाठीच, व्यासांनी हा प्रसंग लिहिला असावा असं मला वाटतं. ऐकण्याचीसुद्धा एक गोडी लागते. चांगलं ऐकून बरं वाटतं, त्या बरं वाटण्यातच रात्र सरते, आणि सकाळी दुर्योधन दारात उभा असतो.

मी अलीकडे झोपण्यापूर्वी दिवस आठवते, पण काय केलं यापेक्षा आज मला कुणी काय सांगितलं हे आठवते. सून काही बोलली, भाजीवाली काही बोलली, नातवानं काही विचारलं. कुठल्या वाक्याला मी "हो हो" म्हणून पुढे सरकले, ते हळूहळू वर येतं. जप वगैरे आहेच, पण हे आठवणं मला जास्त जड जातं, म्हणून मी ते सोडत नाही.

अश्वत्थामाही युद्धाच्या शेवटच्या रात्री असाच जागा होता. सौप्तिकपर्वात वडाखाली कृप आणि कृतवर्मा झोपलेत, हा टक्क जागा, आणि एक घुबड येऊन झोपलेल्या कावळ्यांना मारतं ते बघतो. त्यालाही मामानं, म्हणजे कृपानं, समजावलंच: झोपलेल्यांना मारणं कुणी चांगलं म्हणत नाही, आधी धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू. ऐकलं नाही. द्रौपदीची पाचही मुलं गेली. पण भागवताच्या पहिल्या स्कंधात अर्जुन त्याला बांधून द्रौपदीपुढे आणतो तेव्हा भीम मारा म्हणतो, आणि जिची लेकरं गेली ती म्हणते, सोडा याला, मी जशी रडते तशी याची आई रडायला नको. त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतात आणि त्याला हाकलून देतात. शिक्षा झाली, जीव वाचला. आपल्या महाराष्ट्रात तर लोकांनी त्याला अजून सोडलेलं नाही. नंदुरबारकडे सातपुड्यात अस्तंब्याचा डोंगर आहे, तिथे दिवाळीत अश्वत्थाम्याची यात्रा भरते, लोक रात्री डोंगर चढून जातात.

कैकेयीवर खरं तर वेगळं लिहायला हवं. आज इतकंच सांगते की भरत तिला आई म्हणायला तयार नसतो, आणि चित्रकूटावरून त्याला परत पाठवताना राम त्यालाच बजावतो की कैकेयी मातेला जप, तिच्यावर राग धरू नकोस.

काकूंच्या प्रश्नाकडे मी या वाटेनं गेले. न्यायालयात दोष सिद्ध झाला म्हणजे काम संपत नाही. शिक्षेच्या प्रश्नावर आरोपीला वेगळं ऐकावं लागतं, कायद्यानंच. तेव्हा त्याच्या बाजूचं जे काही असेल ते नोंदवतात: वय, घरची स्थिती, पूर्वी गुन्हा नसणं. मी ते टाइप करताना समोर मेलेल्या माणसाची आई बसलेली असायची, आणि तिला ते ऐकवत नसणार हे मला दिसायचं. तरीही ते नोंदवायचंच असतं. पूतनेच्या बाबतीत भागवतानं हेच केलं. विष नाकारलं नाही, मेलेली लेकरं लपवली नाहीत, "लोकबालघ्नी" हा शब्द तसाच ठेवला. आणि दुसऱ्या बाजूला तिनं दूध पाजायला लेकरू मांडीवर घेतलं, एवढी एकच गोष्ट होती, ती नोंदवली. मी काकूंना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, "मंग ठीक हाय. नोंद केली म्हनता, माफी देली नाही म्हनत." हे त्यांनी माझ्यापेक्षा नेमकं मांडलं.

दसऱ्याला आमच्या शहरात दोन मोठ्या गर्द्या असतात. संध्याकाळी कस्तुरचंद पार्कवर रावण जळतो. आणि दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं आलेली असतात, कारण बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ला, अशोक विजयादशमीलाच, तिथे धम्मदीक्षा घेतली आणि लाखोंना दिली. कोर्टातल्या माझ्या एका सहकारी मैत्रिणीबरोबर मी तिथे जाते. पुस्तकांची दुकानं बघण्यातच आमचे तास जातात. तिथेच तिनं मला अंगुलिमालाचं सुत्त, म्हणजे पाली बौद्ध ग्रंथांतलं एक प्रवचन, घेऊन दिलं. "ताई, तुम्ही रावणावर इतकं वाचता, आमचा हाही वाचा," म्हणाली.

मज्झिम निकायातलं हे सुत्त. पसेनदी राजाच्या राज्यात माणसं मारून त्यांच्या बोटांची माळ घालणारा दरोडेखोर. बुद्ध त्या वाटेनं चालत जातात, हा सगळं बळ लावून धावतो तरी त्यांना गाठू शकत नाही, आणि ओरडतो, थांब श्रमणा! बुद्ध म्हणतात, मी थांबलोच आहे अंगुलिमाला, तू थांब. इथवर बहुतेकांना माहीत असतं. मला हलवलं ते पुढचं. भिक्षू झालेल्या अंगुलिमालाला गावात एक बाई दिसते, बाळंतपणात अडलेली, कळांनी तडफडणारी. तो कळवळतो. बुद्ध सांगतात, तिच्यापाशी जाऊन म्हण की मी जन्मापासून जाणूनबुजून कुठल्या जिवाची हत्या केलेली नाही, या सत्यानं तुझं आणि तुझ्या गर्भाचं कल्याण होवो. अंगुलिमाल म्हणतो, भंते, ते तर धडधडीत खोटं होईल. मग बुद्ध वाक्य बदलून देतात: आर्य जन्म घेतल्यापासून. ते तो म्हणतो, आणि बाई सुखरूप सुटते. थेरवादी बौद्ध देशांत गरोदर बायांसाठी आजही हे परित्त, म्हणजे रक्षणाचं पठण, म्हणतात. म्हणजे हजार वर्षांहून किती जुनी ही गोष्ट, आणि बाळंतिणीच्या कानावर शुभ म्हणून जातो तो एका खुन्याचा शब्द.

मारीचाशी याची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. दोघांनीही हिंसा सोडलेली होती, दोघेही संन्यस्त होते. एकानं मरताना दुसऱ्याचा आवाज काढला. दुसऱ्यानं प्रत्यक्ष गुरूनं सुचवलेलं सोयीचं वाक्यसुद्धा, खोटं आहे म्हणून, तोंडातून निघू दिलं नाही.

आणि सुत्त इथेही थांबत नाही. अंगुलिमाल अर्हत, म्हणजे पूर्ण मुक्त, होतो, त्यानंतर तो भिक्षेला निघाला की कुणाचं ढेकूळ, कुणाची काठी, कुणाचं खापर त्याला येऊन लागतं. डोकं फुटलेलं, भिक्षापात्र तुटलेलं, चीवर फाटलेलं, अशा अवस्थेत तो परत येतो. बुद्ध लोकांना आवरत नाहीत. त्याला म्हणतात, सहन कर, ब्राह्मणा, सहन कर. ज्या कर्मासाठी हजारो वर्षं नरकात शिजला असतास त्याचं फळ तू इथेच भोगतो आहेस. मैत्रीण मला म्हणाली, "दगड मारणाऱ्यांचीही कुणीतरी माणसं गेली असतील ना, ताई." कोर्टात पुढच्या बाकावर बसणाऱ्या त्या आया मला आठवल्या.

दशमस्कंध संपला की गुरुवारी हे सुत्त वाचू या, असं मी आमच्या मंडळात सुचवलं आहे. दोघींना ते आपल्या वाचनात बसेल का अशी शंका आहे, त्या विचार करून सांगणार आहेत. माझी प्रत काकू घेऊन गेल्या, आणि पसेनदी राजा पुढे काय करतो हे विचारायला त्यांचा काल रात्री फोन आला होता.